सात महिन्यांचा सेवाखंड

४ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पत्राचं आश्चर्य वाटेल. फोन केला असता, पण तुमच्या कचेरीत फोन एकच आणि तोही साहेबांच्या टेबलावर. आमच्याकडे सहा आहेत, आणि सहाही ठिकाणी कुणी ना कुणी ऐकत असतं. आता दोन्ही पालिकांमध्ये रोज टपालाची गाडी सुरू झाली आहे, तेव्हा तिच्या पिशवीतून घरचंही एखादं पाकीट जायला हरकत नसावी. वर 'व्यक्तिगत' लिहिलं आहे. तुमच्याकडे ते पाळत असतील अशी आशा करते.

बातमी तुमच्या कानी आलीच असेल. एक जुलैपासून आपल्या दोन्ही पालिका मिळून एकच महापालिका होणार. आपण दोघी गेली एकतीस वर्षं एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना एकच काम करत आलो, मी थोरल्या पालिकेच्या अभिलेख विभागात, तुम्ही धाकट्या पालिकेच्या. पण ओळख झाली ती दोन वर्षांपूर्वी, माझ्या मुलानं तुमच्या मुलीशी लग्न केलं तेव्हा. आता पालिकांचंही लागतंय. फरक इतकाच, की या लग्नात कुणी कुणाला पसंत केलेलं नाही.

मुद्द्यावर येते. दोन विभागांचा एक विभाग होईल आणि प्रमुखाची खुर्ची एकच राहील. तुम्ही काळजी करू नका. आमच्याकडे एकवीस माणसं आहेत. तुमच्याकडे तुम्ही आणि दप्तरी. एवढ्या माणसांत वावरायची सवय व्हायला वेळ लागेल, पण तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा मी आत्ताच हेरून ठेवली आहे.

सूनबाई मजेत आहेत. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या कामाचं कौतुक होतं. असो.

तुमच्या जावयाची आई


९ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार हो.

'व्यक्तिगत' पाळलं बरं का. फक्त दप्तरीनं पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं, तेही काळजीपोटी. म्हणाला, "बाई, थोरल्या पालिकेचं पाकीट आहे, म्हणजे कुणाची तरी बदली." माझ्याबरोबर अठ्ठावीस वर्षं वह्या झाडणारा माणूस, त्याला काय सांगणार!

खिडकीजवळची जागा ठेवलीत, उपकार झाले. मला वारा सोसत नाही, पण ते पुढचं पुढे.

नव्या प्रशासकांचा एक फॉर्म आलाय. 'आपल्याकडील अभिलेख किती मीटर?' आता वह्या कुणी मीटरवर ठेवतं का? शेवटी शेजारच्या शिंप्याकडून टेप मागून आणला आणि मी नि दप्तरीनं रेकॉर्डरूम मोजली. एकशे बारा मीटर भरली. शिंपी म्हणाला, "बाई, एवढ्यात अख्ख्या पालिकेला झगे शिवून होतील."

एक विचारू का? तुमची एकवीस माणसं दिवसभर करतात काय? आमच्याकडे कुणी जन्माचा दाखला मागायला आलं की मी विचारते, "कुणाचा तू?" त्यानं आईबापाचं नाव सांगितलं, की हात आपोआप त्या वहीवर जातो.

सेवाज्येष्ठतेची यादी लावणार आहेत म्हणे. जिची नोकरी जास्त, तिची खुर्ची. तुम्ही माझ्या दोन महिने आधी लागलात, तेव्हा प्रश्नच मिटला. मी आपली शाल घेऊन खिडकीत बसेन.

तुमच्या सुनेची आई


१२ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

यादी पाहिली असेलच. पहिल्या क्रमांकावर तुम्ही, दुसऱ्यावर मी. अभिनंदन.

चूक झाली असेल असं वाटून मी तपासलं. चूक नाही. मी दोन महिने आधी लागले हे खरं, पण माझ्या नोकरीतून सात महिने वजा केले आहेत. आमच्या पालिकेत बाळंतपणाची पगारी रजा सहा आठवडे. त्यापुढचा प्रत्येक दिवस बिनपगारी आणि सेवेतूनही कमी. मुलगा आठव्या महिन्यात झाला, दोन किलोसुद्धा भरला नव्हता. सहा आठवडे संपले तेव्हा त्याला धड रडायचीही ताकद नव्हती, तेव्हा पुढचे सात महिने मी घरी राहिले. त्या सात महिन्यांना कागदावर 'सेवाखंड' म्हणतात. मी तेव्हा त्यावर सही केली, कारण नियम मला मान्य होता. आजही मान्य आहे.

म्हणजे ज्याला वाढवायला मी घरी बसले, त्यानं मोठं होऊन तुमची मुलगी शोधली आणि खुर्ची तुमच्या घरी पाठवली. मुलगे कामाला येतात ते असे.

सहज विचारते, मुलीच्या वेळी तुम्ही रजा घेतली नव्हती का? यादीत तुमचा एकही दिवस वजा दिसत नाही.

येत्या मंगळवारी तुमचं दप्तर पाहायला यावं म्हणते. एकत्र यायच्या आधी एकदा नजर टाकलेली बरी.

तुमच्या जावयाची आई


२१ मार्च

विहीणबाई,

तुम्ही आलात, किती बरं वाटलं म्हणून सांगू! खरं सांगते, यादी लागल्यापासून मला धाकधूक होती. म्हटलं, आता विहीणबाई तोंड फिरवणार. आणि तुम्ही चक्क आमच्या कोंदट खोलीत दोन तास बसलात, तो काळा चहा प्यायलात, दप्तरीशी इतक्या गप्पा मारल्यात!

तो तर हवेतच आहे. आल्यागेल्याला सांगतो, "थोरल्या पालिकेच्या बाईंनी मला खुर्ची दिली." तुम्ही "बाळ कुठे असायचं?" म्हणून विचारलंत मात्र, त्याला कोण उत्साह! ती खालून दुसरी फळी दाखवली, जन्मांच्या वह्या आणि घरपट्टीच्या वह्या यांच्यामधली. तिथे दुलई अंथरून माझी लेक नऊ महिने झोपली. आमचे तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले होते, "बाई, तुम्ही घरी बसलात तर दाखले कोण देणार? बाळाला घेऊन या." रजेचा नियमच आमच्याकडे नव्हता, मग मोडणार कोण?

तुम्ही विचारलंत, "आणि हजेरी?" तो म्हणाला, "हजेरी पूर्ण! बाळाचीही मांडत होतो, बाई नको म्हणाल्या." किती हसलो आपण! निदान मी आणि तो.

तुम्ही त्या फळीवरून हात फिरवलात ना, तेव्हा मला भरून आलं. बोटांनी लांबी मोजताय असं क्षणभर वाटलं, पण म्हटलं असेल आजीपणाची हौस. त्यानं सांगितलेलं सगळं तुम्ही वहीत उतरवून घेतलंत आणि खाली त्याची सहीही घेतलीत, आठवण म्हणून. आजवर त्याची सही कुणी मागितली नव्हती हो. पगाराला अंगठाच पुरायचा. सही तो हौसेनं शिकला होता.

पुन्हा या.

तुमच्या सुनेची आई


२ एप्रिल

प्रति,
प्रशासक
(प्रत : अभिलेख प्रमुख, धाकटी पालिका)

विषय : सेवाज्येष्ठता यादीतील अनुक्रमांक १ वर हरकत.

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, अनुक्रमांक १ वरील कर्मचारी स्वतःच्या अपत्याच्या जन्मानंतर नऊ महिने सदर अपत्यास कार्यालयीन वेळेत अभिलेख कक्षातील मांडणीच्या खालून दुसऱ्या फळीवर (लांबी अंदाजे चार वीत) ठेवीत असत. या काळात त्यांचे लक्ष पूर्णतः कामावर होते असे मानता येत नाही. सबब हा काळ सेवेतून वजा करून यादी सुधारावी, ही विनंती. सोबत : दप्तरी यांचे स्वाक्षरीसह निवेदन.

प्रत माहितीसाठी.

विहीणबाई, हरकतीची प्रत समोरच्याला देणं नियमानं बंधनकारक आहे, म्हणून पाठवते. यात घरचं काही नाही. माझे सात महिने गेले, तर तुमचे नऊ का जाऊ नयेत, एवढाच प्रश्न आहे. रविवारी मुलं आमच्याकडे जेवायला येणार आहेत. तुम्हीही या.


५ एप्रिल

प्रत मिळाली. ही तिची पोच.

ताकाला येऊन भांडं लपवलंत. मला भांडं दिसत होतं, पण ते भांडं आहे असं मनात येऊ दिलं नाही, हा माझा गाढवपणा.

दप्तरी दोन दिवस नीट जेवलेला नाही. म्हणतो, "बाई, मी कौतुक सांगत होतो. त्यांनी कबुली लिहून घेतली."

फळी चार वीत नाही, पाच वीत आहे. एवढं तरी बरोबर लिहायचं होतंत.

रविवारी मला जमणार नाही. मुलीलाही जमेलसं वाटत नाही.


२९ मे

विहीणबाईंना नमस्कार.

आठ आठवडे झाले. तुमच्याकडून पत्र नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रशासकांनी माझी हरकत फेटाळली. आदेश तुम्हालाही मिळाला असेल. माझी प्रत मी इतक्यांदा वाचली आहे, की तोंडपाठ झाली: 'धाकट्या पालिकेत मुलाच्या संगोपनाचे पहिले नऊ महिने सेवा म्हणून धरण्याची प्रथा होती, हे हरकतदारांनी स्वतः सादर केलेल्या पुराव्यावरूनच सिद्ध होते.' पुरावा नेहमी पक्का गोळा करावा, असं मी माझ्या एकवीस माणसांना शिकवत आले. त्याचं हे फळ.

दुसरं. परवा मुलगा एकटाच आला होता. चहा घेता घेता म्हणाला, "आई, नोव्हेंबरात तू आजी होणार." माझ्या तोंडून निघालं, "कुणी सांगितलं?" तो इतका हसला, की यांनी पेपर खाली ठेवला. पण मला खरंच तेच विचारायचं होतं. सूनबाईंनी स्वतः सांगितलं नाही. हरकतीची गोष्ट त्यांना दप्तरीकडून कळली, आणि त्या दिवसापासून त्या एकाही रविवारी आल्या नाहीत. तुम्हाला त्यांनी कधी सांगितलं? कळवायचं नसेल तर कळवू नका.

आणखी एक, हे मात्र अगदी कामाचं. त्या नोकरीला आमच्याकडे. म्हणजे रजा सहा आठवडे, पुढे सेवाखंड. हा नियम मला मान्य आहे असं मी तुम्हाला लिहिलं होतं. गेले दोन दिवस तो मला तितकासा मान्य नाही.

तुमच्या जावयाची आई


१० जून

विहीणबाई,

मला तिनं एप्रिलच्या शेवटीच सांगितलं. तुम्हाला सांगू नको असं मी म्हटलं नव्हतं. सांग असंही म्हटलं नव्हतं. तेवढा दोष माझा.

आता कामाचं. रजेचे नियम ठरवायला सहाजणांची समिती नेमलीय, त्यात आपण दोघीही आहोत. प्रशासकांचं धोरण तुम्ही वाचलं असेल: दोन पालिकांची पद्धत वेगळी असेल तिथे कर्मचाऱ्याच्या फायद्याची असेल ती धरायची, पण त्याला कागद पाहिजे. तुमच्याकडे सगळ्याला कागद आहे. आमच्याकडे सगळं तोंडी. अध्यक्ष गेले, त्यांचं तोंडही गेलं. मी रेकॉर्डरूम पालथी घातली. नऊ महिन्यांच्या सवलतीचा एक चिठोरा मिळाला नाही.

मग लक्षात आलं, कागद आहे. तुमची हरकत, दप्तरीचं निवेदन आणि त्यावरचा आदेश. शिक्क्यासकट, जावक क्रमांकासकट. तुमच्याइतकं व्यवस्थित आमचं कुणी कधी लिहून ठेवलंच नव्हतं!

बैठकीत तो कागद मी वाचणार आहे. तुमचं नाव येईल, चार वीतही येईल. म्हणून आधी कळवते. मी माणसाला न सांगता त्याच्याविरुद्ध काही करत नाही.

तुमच्या सुनेची आई


२८ जून

विहीणबाईंना नमस्कार.

कालच्या बैठकीनंतर तुम्ही लगेच निघून गेलात. मीही थांबवलं नाही. आता लिहिते.

पहिलं कलम, यापुढे मूल झालेल्या आईचे पहिले नऊ महिने सेवाच धरायचे. एकमतानं मंजूर. मी हात वर केला, तुम्ही पाहिलंत. माझी हरकत तुम्ही वाचलीत तेव्हा आरोग्य विभागाचे साहेब हसले, तेही पाहिलंत.

दुसरं कलम तुम्ही मांडलंत: आज नोकरीत असलेल्या ज्या बायकांचे दिवस पूर्वी कापले गेले, त्यांचे ते परत जोडावेत. याच्या विरोधात मी बोलले. एकदा बंद झालेली वही पुन्हा उघडू नये, उघडली तर मग कुठलीच वही बंद होत नाही, असं सांगितलं. आणखी खरं सांगायचं, तर सूचक तुम्ही होतात म्हणून विरोध केला. पाच विरुद्ध एक. तो एक मी.

घरी येऊन हे सगळं तावातावानं यांना सांगत होते. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, कापलेले दिवस परत मिळणार म्हणजे तुझेही सात महिने मिळणार ना?"

मी म्हटलं, "मिळतील."

"मग तू तुझ्याच विरुद्ध मत देऊन आलीस की!"

मी बोटांवर मोजलं. सात महिने परत आले, की मी तुमच्यापेक्षा दोन महिन्यांनी ज्येष्ठ. सुधारित यादी उद्या लागेल. खुर्ची माझी.

विहीणबाई, आता ही नको म्हणेल असं तुम्हाला वाटत असेल. मी नको म्हणणार नाही. मला ती खुर्ची हवी होती, आणि ती माझ्या हुशारीनं नाही तर माझ्या मूर्खपणावर मात करून आली, तरीही हवी आहे. फक्त एक सांगा. ते कलम मांडताना तुम्हाला हे माहीत होतं का?

तुमच्या जावयाची आई


४ जुलै

विहीणबाई,

माहीत होतं.

पहिल्या कलमावर थांबले असते तर माझ्या लेकीचं भागत होतं आणि खुर्चीही राहत होती. तसंच करणार होते, खोटं कशाला बोलू? पण बैठकीच्या आदल्या दिवशी तुमच्या एकवीस माणसांतली ती चष्मेवाली टायपिस्ट रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. हातात यादी. तुमच्या पालिकेतल्या दिवस कापलेल्या बायका, झाडूवाल्या, परिचारिका, एक रोडरोलर चालवणारी. त्रेचाळीस नावं. मी आपली मान हलवत वाचत होते. छत्तीसपर्यंत मान हलत होती. सदतिसावं तुमचं.

मी तिला म्हटलं, "ही यादी तुझ्या बाईंकडे का नाही नेलीस?" ती म्हणाली, "त्या म्हणतील, तुम्ही सही केली होती ना?"

मग काय करणार? तुमचं एक नाव गाळायचं, तर नियमात लिहू काय? 'विहीण वगळून'?

आणि हेही ऐका. तुम्ही विरोधात बोलायला उठलात तेव्हा माझ्या मनात आलं, देव पावला, आता ठराव पडेल आणि पाडल्याचं पाप हिच्या माथी. पण बाकीचे पाच जण, त्यात मीही आले, हात वर करून बसलो. माझा हात मला जरा जडच गेला. तेव्हा मी फार थोर आहे असं समजून रडू नका. त्या दिवशी मी घरी गेले, भांडी आपटली, मोलकरीण घाबरून लवकर निघून गेली.

खुर्ची घ्या. मला जन्मनोंदणीचं टेबल द्या, म्हणजे येणाऱ्याला "कुणाचा तू?" विचारता येईल. तेवढं टेबल वाऱ्यापासून लांब असू द्या. आणि दप्तरीला तुम्ही बोलवून काय ते बोला. माझं तो ऐकत नाही. एकत्र झाल्यापासून तुमच्या माणसांसमोर तोंडच उघडत नाही. म्हणतो, लिहून घेतील.

रविवारी लेकीला घेऊन येते. तिला म्हटलं, तुझ्या सासूनं हरकत घेतली नसती तर तुझ्या रजेला कागदच नव्हता. ती म्हणाली, "म्हणजे आता आभार मानू?" मी म्हटलं, "आभार राहू देत. जेव आणि ये."

तुमच्या सुनेची आई


३ नोव्हेंबर

प्रति,
मुख्य अभिलेख अधिकारी, महापालिका

विषय : चार आठवड्यांची रजा मिळणेबाबत.

माझ्या मुलीचे बाळंतपण जवळ आले असल्याने १० तारखेपासून चार आठवडे रजा मंजूर व्हावी. माझ्या टेबलाचे काम दप्तरी आणि टायपिस्ट मिळून पाहतील. दप्तरी आता बोलतो.

(विहीणबाई, कारण तुम्हाला ठाऊक आहे, पण 'कारण' हा रकाना रिकामा ठेवला तर तुम्ही अर्ज परत पाठवाल.)


५ नोव्हेंबर

रजा मंजूर.

तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते: माझाही एक अर्ज होता. त्याच तारखा, कारणही तेच. माझी रजा मंजूर करणारी अधिकारीही मीच. दोन दिवस विचार करून नामंजूर केला. त्याच आठवड्यांत दोन्ही पालिकांचं सगळं दप्तर चौदा ट्रकांतून नव्या इमारतीत येतं आहे. प्रत्येक गठ्ठ्यावर प्रमुखाची सही लागते, आणि हे सह्यांचं बंधन मीच घातलं आहे. खुर्ची हट्टानं घेतली. आता ट्रक आल्यावर उठून जाता येत नाही.

सूनबाईंना सांगा, मी रोज दुपारी एक वाजता फोन करीन. कुणी ऐकलं तर ऐकू दे.

तुमच्या जावयाची आई


१७ नोव्हेंबर

विहीणबाई,

फोनवर तुम्ही "बरं, बरं" एवढंच म्हणालात, मग ट्रकवाल्यावर ओरडलात आणि फोन ठेवलात. म्हणून नीट लिहिते.

मुलगी झाली. काल सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. दोन किलो नऊशे. लेकीची तब्येत छान आहे, थकलीय. जावईबापू रात्रभर बाहेरच्या बाकावर होते, नर्सनं बाळ हातात दिलं तर म्हणाले, "पडली तर?" मी म्हटलं, "धरलंत तर पडणार नाही." मग असे धरून बसले, की अर्धा तास द्यायलाच तयार होईनात.

बाळाच्या कपाळाला मधोमध एक आठी आहे. ती आम्ही सगळ्यांनीच पाहिली. लेकच म्हणाली, "सासूबाईंकडे चुकीचा फॉर्म गेला की अशीच पडते." मग बाळाची दुलई सारखी करत म्हणाली, "त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं." तुम्हाला कळवा असं ती म्हणाली नाही. मी कळवते आहे.

जन्मनोंदणीचा अर्ज जावईबापूंनीच भरलाय. मी हात लावला नाही, कारण माझ्याच टेबलाचं काम आणि मी रजेवर. टपालाच्या पिशवीतून पाठवते. मी नसताना तो थेट तुमच्याकडे येईल.

तुमच्या सुनेची आई


१९ नोव्हेंबर

विषय : जन्मनोंदणीचा अर्ज त्रुटींसह परत.

अर्ज तपासला. रकाना चारमध्ये जन्मस्थळ म्हणून जी पालिका लिहिली आहे, ती एक जुलैपासून अस्तित्वात नाही. रकाना सहामध्ये आईच्या सहीच्या जागी वडिलांनी सही केली आहे. वजनाच्या रकान्यात 'खूप छान' असं लिहिलं आहे. अशा अर्जाची नोंद करता येत नाही. एकतीस वर्षांत इतका वाईट भरलेला अर्ज माझ्या टेबलावर आला नाही, आणि भरणाऱ्याला मी स्वतः लिहायला शिकवलं होतं.

दुरुस्ती करायची तर ती अर्जदार आणि अधिकारी यांनी समोरासमोर बसून करावी, असा नियम आहे. अर्जदार बाळंतीण असेल आणि येऊ शकत नसेल, तर अधिकाऱ्यानं तिच्याकडे जावं की नाही, याबद्दल नियमावली गप्प आहे. दोन्ही पालिकांच्या जुन्या नियमावल्याही काढून पाहिल्या. त्यासाठी तीन गठ्ठे सोडावे लागले. मनाई कुठेच नाही.

नऊ ट्रक उतरले, पाच बाकी आहेत. दहावा दारात उभा आहे आणि ड्रायव्हर कुरकुरतो आहे. त्याला चहा पाजून थांबवायला दप्तरीला सांगितलं आहे. हे पत्र शिपायाच्या हाती पुढे पाठवते, आणि अर्ज, शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन आजच साडेचारपर्यंत येते. एक तास थांबेन.

सूनबाईंना विचारून घ्या, चालेल ना. आणि बाळ झोपलं असेल तर माझ्यासाठी मुद्दाम उठवू नका. पण पाच वाजले तरी उठलं नाही, तर जरा दार वाजवून बंद करा.

तुमच्या जावयाची आई